परसदारी महाकाय भोपळा: पहिल्या हंगामासाठी मार्गदर्शन

ऑगस्टच्या सुरुवातीला चांगल्या वेलीवरचा महाकाय भोपळा दिवसाला 15 ते 20 किलोंनी वाढतो. सकाळी टेपनं घेर मोजून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजायचा; फरक सहज चार बोटांचा भरतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींच्या घरामागे मोकळी जागा असते आणि तिथे मेथी, मिरची, दुधी होतोच. त्यातलाच वीस फूट लांब-रुंद तुकडा एका हंगामापुरता एकाच वेलीला द्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. बी चांगलं असेल आणि रोज तासभर देता येत असेल, तर पहिल्याच वर्षी शंभर किलोंच्या पुढचं फळ घरच्या बागेत येतं.

खताच्या पोत्यामुळे फळ मोठं होतं, ही समजूत मात्र आधी सोडा. एका वेलीची सगळी पानं आणि सगळी मुळं तीन महिने एकाच फळासाठी राबली पाहिजेत, आणि त्यात खंड पडता कामा नये. खाली जे जे करायला सांगितलंय ते याच हिशेबातून आलंय.

आधी हवा बघा

हा भोपळा म्हणजे ‘अटलांटिक जायंट’. कॅनडात नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या विंडसर गावचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून हे वाण तयार केलं. 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षं त्यांचा भोपळा जगात सगळ्यात वजनदार ठरला. 1981 चा 493.5 पौंड, म्हणजे सुमारे 224 किलोंचा होता. आज त्याच वाणाच्या वंशातून टनापुढची फळं निघतात. ऑक्टोबर 2025 मध्ये इंग्लंडच्या लिमिंग्टनमधल्या इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांच्या भोपळ्याचं वजन 1,278.8 किलो भरलं आणि तो विक्रम ठरला.

या वाणाला लांब दिवस आणि थंड रात्री लागतात. जूनमध्ये बॉस्टनचा दिवस 15 तासांहून मोठा असतो, मुंबईचा जेमतेम सव्वातेरा तासांचा. शिवाय रात्र गरम असली की पानांनी दिवसभर केलेली साखर वेल रात्री श्वसनातच खर्च करते आणि फळाच्या वाट्याला कमी उरतं. म्हणून पुणे-नाशिककडे किंवा कोकणात वाचत असाल तर परदेशातून हे बी मागवण्याच्या भानगडीत पडू नका. आपल्या हवेत आकारानं थक्क करणाऱ्या भाज्या वेगळ्या आहेत.

त्यात पहिली पसंती दुधीला. अयोध्येजवळच्या आचार्य नरेंद्र देव कृषी विद्यापीठाचं ‘नरेंद्र शिवानी’ हे वाण माणसाच्या उंचीइतकी लांब फळं देतं. फळ सरळ वाढायला ते लोंबकळलं पाहिजे, त्यामुळे मांडव चांगला सात-आठ फूट उंच आणि भक्कम हवा. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून हातानं परागीकरण करायचं ते दिवेलागणीला. वेलीवर एक किंवा दोनच फळं ठेवा आणि फळ बोटाएवढं असतानाच त्याला कापडी पिशवी घाला, नाहीतर फळमाशी डंख मारून ते वाकडं करते.

दुसरा सुरण. सुरणाचा जुना कंद दर हंगामात संपतो आणि त्याच्या जागी नवा, मोठा कंद तयार होतो. लावलेला कंद जितका मोठा, तितका नवा मोठा. म्हणजे हे दोन-तीन वर्षांचं काम आहे: मधला डोळा शाबूत असलेला कंद पावसाच्या तोंडावर दोन-अडीच फुटी खड्ड्यात भरपूर शेणखत घालून लावायचा, एकच कोंब ठेवायचा, पानं पिवळी पडून आडवी झाली की काढायचा आणि त्यातला सगळ्यात मोठा न कापता पुढच्या वर्षी अख्खा लावायचा. घशाला खाज नको असेल तर ‘गजेंद्र’ हे वाण घ्या.

आता पुन्हा भोपळ्याकडे. इथून पुढचं वेळापत्रक अमेरिकेचा ईशान्य भाग, दक्षिण कॅनडा आणि ब्रिटन इथल्या हवेला धरून आहे.

जागा आणि माती

दिवसभरात किमान आठ तास ऊन लागेल अशी जागा निवडा. मोठ्या झाडाच्या जवळ नको. सावलीपेक्षाही त्याची मुळं त्रास देतात. तयारी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. मातीचा नमुना तपासून घ्या. अमेरिकेत राज्य विद्यापीठांच्या कृषी विस्तार केंद्रांत हे थोड्या पैशांत होतं. सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता) 6.5 ते 7 च्या दरम्यान हवा. मग तीन-चार इंच कुजलेलं शेणखत आणि पानांचं कंपोस्ट पसरून मातीत मिसळा. वसंतात ताजं शेण घालू नका, कोवळी मुळं जळतात. आणि माती वाफशावर आल्याशिवाय, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून ती भुसभुशीत झाल्याशिवाय, तिच्यात पाय घालू नका. ओल्या मातीवर चालून ती एकदा घट्ट झाली की हंगामभर सुटत नाही. चालायला फळ्या टाकून ठेवा.

बी

पैसे वाचवायचे तर खतात वाचवा, बियाण्यात नको. दुकानातल्या पाकिटात ‘अटलांटिक जायंट’ मिळतं आणि त्यातूनही बऱ्यापैकी फळ येतं, पण भोपळ्यांच्या वजनाच्या स्पर्धांत उतरणाऱ्या मंडळींकडचं बी वेगळंच. त्याची नावं ठेवण्याची पद्धत सोपी आहे: बी ज्या फळातून निघालं त्याचं पौंडातलं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल. सोबत आईवेल कोणती आणि पराग कुठल्या वेलीचा, तेही लिहिलेलं असतं. असे भोपळे पिकवणाऱ्यांच्या स्थानिक क्लबला पत्र घाला. हे लोक नवख्याला अगदी अल्प देणगीत, कधी नुसत्या टपालखर्चात, बी पाठवतात.

तारखा मागून पुढे मोजायच्या. वजनाच्या स्पर्धा बहुतेक ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात. फळ धरल्यापासून त्याला 85 ते 100 दिवस मिळायला हवेत, म्हणजे परागीकरण जूनअखेर ते 10 जुलैच्या आत. त्याआधी वेल वाढायला साधारण दोन-सव्वादोन महिने. म्हणून बी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात घरात रुजत घाला.

बियांची साल जाड असते. टोकाचा भाग सोडून कडेनं बारीक पॉलिश पेपर फिरवा, कोमट पाण्यात तीन-चार तास भिजवा आणि सहा-आठ इंची कुंडीत टोक खाली करून इंचभर खोल लावा. उबेचं महत्त्व इथे फार आहे: माती 29 ते 32 अंश सेल्सिअस राहिली तर चार-पाच दिवसांत कोंब वर येतो, थंड राहिली तर बी कुजतं. रोपं तापवण्याची चटई मिळते, ती घ्या. दोन-तीन बिया लावा, म्हणजे निवडायला वाव राहतो.

लावणी

आधी दोन जाड गुळगुळीत पानं येतात, ती बियातलीच. त्यांच्या मधून जे पहिलं खरं, कातरलेल्या कडांचं पान निघतं, त्याच्याकडे नीट बघा. मुख्य वेल या पानाच्या उलट दिशेला धावते. त्यामुळे वेल जिकडे न्यायची तिच्या विरुद्ध बाजूला ते पान राहील असं रोप लावा. एवढ्या एका गोष्टीकडे लक्ष दिलं की पुढे वेलीला वळवताना मोडण्याची धास्ती राहत नाही.

कडाक्याची थंडी सरली आणि माती 15-16 अंशांच्या वर गेली, की साधारण मेच्या मध्यावर, रोप जमिनीत न्या. तुकड्याच्या मध्यावर नाही, एका कडेला, म्हणजे वेलीला पूर्ण लांबी मिळते. मुळांचा गड्डा अजिबात हलू देऊ नका. या जातीला मुळं दुखावलेली चालत नाहीत. वर चार फुटी प्लॅस्टिकचं छोटं घर उभं करा. त्यात रात्री ऊब राहते आणि वाऱ्यापासून राखण होते. दुपारी मात्र त्याची एक बाजू उघडायला विसरू नका, ऊन असेल तर आत तासाभरात पानं होरपळतात. वेल घराच्या भिंतीला टेकली की घर काढायचं.

वेलीला वळण

जूनमध्ये वेल जोरात सुटते, कधीकधी दिवसाला फूटभर. हिला मोकळं सोडलं तर नुसतं रान माजतं. मुख्य वेल सरळ रेषेत न्या. तिच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या बगलफुटी काटकोनात बाहेर न्या. बुडाकडच्या बगलफुटी लांब आणि शेंड्याकडच्या आखूड, असा वरून त्रिकोण दिसला पाहिजे. बगलफूट दहा-बारा फुटांची झाली की शेंडा खुडून टोक मातीत दाबा. बगलफुटीला पुन्हा जी फूट येते, ती निघाल्या निघाल्या काढा. या कामाला रोज वीस मिनिटं लागतात आणि ती रोजच द्यावी लागतात.

याच वेळी पेरं, म्हणजे वेलीवर जिथून पान फुटतं ते सांधे, पुरायची. वेलीच्या प्रत्येक पेरावर खालून मूळ फुटायला तयार असतं. पेराखाली माती भुसभुशीत करून वर ओंजळभर ओलं कंपोस्ट टाकलं की आठवड्याभरात तिथे मुळं धरतात. चारशे चौरस फुटांत अशी शंभरावर पेरं पुरली की वेल ठिकठिकाणाहून पाणी ओढते आणि उद्या खोडकिड्यानं बूड खाल्लं तरी तग धरते.

खत बेतानं. लावणीच्या सुमारास मुळांसाठी स्फुरद (फॉस्फरस), वेल पळत असताना समतोल, फळ धरल्यावर पालाशकडे (पोटॅश) झुकतं. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तर पानं हत्तीच्या कानासारखी होतात आणि कोवळी फळं गळतात. मातीची तपासणी चांगली आली असेल तर आठवड्यातून एकदा मासळी आणि सागरी शेवाळाचा पातळ अर्क पुरे.

परागीकरण

मादी फूल ओळखायला सोपं आहे, कळीखाली लिंबाएवढा पिवळसर भोपळा असतो. मुख्य वेलीवर बुडापासून दहा-चौदा फुटांवर येणारी कळी धरा. त्याअलीकडची फळं धरू नका, तेव्हा वेलीला पुरेशी पानं नसतात.

कळी उद्या उमलणार हे आदल्या दिवशी कळतं. पाकळ्यांची टोकं पिवळी होऊन सैल पडतात. संध्याकाळी तिच्यावर मलमलची पिशवी बांधा म्हणजे मधमाश्या दुसऱ्या जातीचा पराग आणणार नाहीत. उद्या उमलणाऱ्या तीन-चार नर कळ्याही लांब देठासह तोडून पाण्यात ठेवा. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान पिशवी सोडा. नर फुलाच्या पाकळ्या सोलून काढा आणि मधला परागानं माखलेला दांडा मादी फुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीच्या, म्हणजे पराग धरणाऱ्या चिकट भागाच्या, प्रत्येक पाकळीवजा भागावर हलक्या हातानं फिरवा. कुक्षी चार, पाच किंवा सहा भागांची असते, एकही भाग सुटू देऊ नका. फूल पुन्हा बांधा, तारीख लिहा. त्या दिवशी पारा 32 अंशांच्या वर जाणार असेल तर फुलावर सावली करा आणि शेजारी बर्फाची पिशवी ठेवा, कारण उष्णतेत कळी पिवळी पडून गळते.

असं दोन-तीन फुलांचं करा. पंधरा दिवसांनी सगळ्यांची मापं घ्या. जे फळ वेगानं वाढतंय, ज्याचा आकार उभट-गोल आहे आणि देठ वेलीशी काटकोन करतंय ते ठेवा आणि बाकीची काढा. हातातोंडाशी आलेली फळं तोडायला जिवावर येतं, पण दोन फळं ठेवलीत तर दोन मध्यम भोपळे मिळतील. काढलेल्या कोवळ्या फळांची भाजी उत्तम होते.

देठ सांभाळा

बरेच चांगले भोपळे जुलैअखेर देठाशी फाटतात. कारण साधं आहे: फळ उंच होत जातं, वेल मात्र मातीत रोवलेली असते. म्हणून फळाच्या दोन्ही बाजूंची दोन-तीन फुटांतली पेरं पुरू नका, तिथे मुळं धरली असतील तर कापा. वेल मोकळी राहिली की फळाबरोबर वर उचलली जाते. देठाशी कोन अरुंद असेल तर रोज दुपारी, वेल उन्हानं लवचिक झालेली असताना, फळ एक-दोन इंच फिरवा. आठवड्यात काटकोन येतो. सकाळी फिरवू नका, तेव्हा देठ पाण्यानं टरटरलेलं असतं आणि कटकन मोडतं.

फळ फुटबॉलएवढं व्हायच्या आत त्याच्याखाली दोन-तीन इंच वाळू पसरा. खाली ओल साचत नाही आणि फळ वाढताना सहज सरकतं. वर पांढऱ्या चादरीची किंवा शेडनेटची सावली हवीच. उन्हानं साल लवकर कडक झाली तर आतून वाढणारा गर तिला फोडतो.

पाणी, कीड, रोग

ऐन भरात, म्हणजे परागीकरणानंतर विसाव्या ते चाळिसाव्या दिवसापर्यंत, चारशे चौरस फुटांची वेल दिवसाला 300-400 लिटर पाणी पिऊ शकते. ठिबक सगळ्यात बरं, कारण पुरलेल्या प्रत्येक पेराला पाणी पोचतं. पाऊस पडला तर त्या दिवशी हात आखडा. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी भरपूर, असं केलंत तर फळाला तडा जातो. तडा पोकळीपर्यंत गेला की ते फळ स्पर्धेतून बाद.

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे भुंगेरे मेपासूनच कोवळी पानं कुरतडतात आणि मर रोग पसरवतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडे खरी धास्ती खोडकिड्याची. जून-जुलैत त्याचा पतंग बुडाशी तपकिरी, मोहरीहून लहान अंडी घालतो. रोज खोड बघून अंडी खरवडा. खोडाला भोक आणि बाहेर भुश्यासारखी विष्ठा दिसली तर धारदार पात्यानं खोड उभं चिरून अळी काढा आणि जखमेवर ओली माती दाबा. ऑगस्टात भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग, येते. तिची पहिली पांढरी ठिपकी दिसण्याआधीच गंधक किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट सुरू करा, मात्र 30 अंशांच्या वर उष्णता असताना गंधक नको. कुठलीही फवारणी फुलं मिटल्यावर, संध्याकाळी. मधमाश्या आपल्यासाठी काम करत नसल्या तरी शेजारच्यांच्या बागेसाठी करताहेत. हरणं आणि बिळं करणारे प्राणी असतील तर आधी कुंपण, मग बी.

मोजमाप आणि स्पर्धा

वजनकाट्यावर न चढवता वजनाचा अंदाज तीन मापांवरून बांधतात: जमिनीला समांतर पूर्ण घेर, एका बाजूच्या जमिनीपासून वरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत, आणि तसंच देठाकडून फुलाकडे. तिन्हींची इंचांतली बेरीज या भोपळ्यांसाठीच्या तयार तक्त्यात बघितली की अंदाजे वजन कळतं. आठवड्याला हे आकडे वहीत लिहा. वाढ अचानक मंदावली तर वेलीत काहीतरी बिघडलंय हे पानांच्या आधी वही सांगते.

स्पर्धांचे नियम ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ ही संघटना ठरवते. फळ निरोगी हवं. सडलेला भाग किंवा पोकळीपर्यंत भोक चालत नाही, आणि देठाला वेलीचा जेमतेम इंचभर तुकडा ठेवता येतो. आदल्या दिवशीच कापा. शंभर-दीडशे किलोंचं फळ सहा-आठ जण जाड ताडपत्रीवर घेऊन उचलू शकतात. त्याहून मोठ्यासाठी तिकाटणं (तीन पायांचा उंच सांगाडा), साखळी-कप्पी आणि पट्ट्यांचं कडं लागतं, आणि ते क्लबची माणसं आनंदानं घेऊन येतात. फळाला देठानं कधीही उचलू नका.

घारगे आणि भरताची स्वप्नं या भोपळ्याकडून पाहू नका, गर पाणचट आणि बेचव असतो. त्यासाठी बाजारातला डांगर भोपळाच आणा. याच्या बिया मात्र मोलाच्या. फळ स्पर्धेहून परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत कापा, बिया धुऊन पंख्याखाली, उन्हात न ठेवता, आठ-दहा दिवस वाळवा आणि कागदी पाकिटात थंड कोरड्या जागी ठेवा. पाकिटावर वजन, तुमचं आडनाव, साल आणि दोन्ही पालक वेली लिहा.

वाफा रिकामा झाला की वेलीचे अवशेष, विशेषतः भुरी लागलेली पानं, उचलून बाहेर टाका. मातीचा नवा नमुना तपासायला द्या आणि थंडी पडायच्या आत हिवाळी राय (गव्हासारखं एक धान्य) हिरवळीच्या खतासाठी पेरा. एप्रिलमध्ये ती गुडघ्याएवढी होते. तेव्हा कापून मातीत गाडा आणि लावणीआधी किमान तीन आठवडे कुजू द्या.